हळदकुंकू लावलेलं ग्रीन कार्ड

आमची ग्रीन कार्डं टपालाने आली, त्या दिवशी मी ती आधी देवापुढे ठेवली. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, आयसेलिनच्या आमच्या तेव्हाच्या अपार्टमेंटमध्ये देवघर म्हणजे स्वयंपाकघरातलं एक वरचं कपाट होतं. तिथे बाळकृष्ण आणि अन्नपूर्णेच्या पुढ्यात दोन्ही कार्डं टेकवून उभी केली, हळदकुंकू वाहिलं, साखरेचा नैवेद्य दाखवला. माझी बोटं ओली होती. ह्यांच्या कार्डाच्या प्लॅस्टिकची एक कड जरा सुटलेली होती, तिथून कुंकू आत उतरलं आणि फोटोच्या शेजारी लाल डाग पडला, तो कायमचाच.

"अगं, गव्हर्नमेंट डॉक्युमेंट आहे ते, पोथी नाही!" हे ओरडले. आणि मग स्वतःच हात जोडून उभे राहिले.

हे म्हणजे माझे यजमान. नाव घ्यायची सवय मला तेव्हाही नव्हती, आणि आता ती लावून घ्यायचं वय राहिलं नाही.

ग्रीन कार्ड हिरवं नसतं हे मला त्या दिवशी कळलं आणि ते जवळ बाळगायचं नसतं हे त्याच संध्याकाळी. आमच्या वरच्या मजल्यावर एक काका राहायचे. नागपूरकडचे डॉक्टर, आमच्या कितीतरी आधी आलेले. अमेरिकेतल्या कुठल्याही बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. पेढा तोंडात टाकत ते म्हणाले, "हे घेऊन हिंडायचं नाही बरं का. माझ्या ओळखीतल्या एकाचं पाकीट मारलं, त्यात कार्ड गेलं. दुसरं मिळेपर्यंत काय हाल झाले त्याचे! सरळ बँकेत, लॉकरमध्ये टाकून द्या."

लॉकरमध्ये माझ्या पाटल्या होत्या, गोठ होते, सासूबाईंनी दिलेला चपलाहार होता. त्याच डब्यात, लाल मखमलीवर, कार्डं जाऊन बसली. दसऱ्याला दागिन्यांबरोबर घरी यायची, पूजा व्हायची आणि पुन्हा लॉकर. कायद्याने ते कार्ड सतत जवळ ठेवावं लागतं हे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. पण मोलाची वस्तू खिशात घालून हिंडू नये हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो, आणि त्यापुढे सरकारी सूचनेचा काय पाड! आमच्या ओळखीच्या बहुतेक मराठी घरांत हीच रीत होती. एका बाईंनी तर आपलं कार्ड तांदळाच्या डब्यात पुरलं होतं.

पुढे ह्यांना कॅलिफोर्नियात नोकरी लागली आणि आम्ही पार दक्षिणेच्या टोकाला, चुला व्हिस्टाला राहायला गेलो. मेक्सिकोची सीमा घरापासून इतकी जवळ, की रेडिओची सुई जरा हलली की स्पॅनिश गाणी लागायची. ह्यांची कंपनी ट्रान्सफॉर्मर बनवायची. डिझाइन इकडे आणि जोडणी सीमेपलीकडे, तिहुआनाच्या कारखान्यात. त्या कारखान्याचे मॅनेजर आठवड्यातून तीन-चारदा ह्यांच्या ऑफिसात यायचे. आम्ही त्यांना 'सेन्योर' म्हणायचो. त्यांच्या भाषेत साहेब.

सेन्योर ह्यांच्याहून वयाने मोठे, अनुभवाने त्याहून मोठे. मेक्सिको सिटीत इंजिनियर झालेले. सूट असा कडक इस्त्रीचा, की ह्यांचा तो एकुलता एक खाकी कोट त्यांच्याशेजारी अगदी केविलवाणा दिसायचा. दुपारी कधी हे त्यांना घरी जेवायला आणायचे. थालीपीठ त्यांना फार आवडायचं, त्यांच्याकडच्या मक्याच्या भाकरीसारखं लागायचं. "सेन्योरा, तुम्ही आमच्याकडून कधी शिकलात?" असं विचारायचे आणि मी म्हणायची, तुम्हीच आमच्याकडून चोरलंत.

त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात एक कार्ड असायचं. सीमेवरच्या मेक्सिकन लोकांना अमेरिकेत येण्यासाठी मिळायचं ते. सगळे त्याला 'मिका' म्हणायचे. पासपोर्ट नको, व्हिसा नको, कार्ड दाखवायचं आणि आत यायचं. फक्त सीमेपासून पंचवीस मैलांच्या आत राहायचं आणि तीन दिवसांत परत जायचं. त्याच्या पलीकडे कुठे जायचं असेल तर नाक्यावर कामाचं कारण सांगून वेगळा परवाना करून घ्यायचा. सेन्योरांची नोकरी त्या कार्डावर चालत होती. इकडच्या मीटिंगांना हजर राहता येईल असा मॅनेजर कंपनीला हवा होता. शिवाय त्यांची म्हातारी आई इकडे, आमच्यापासून जवळच, मुलीकडे राहायची. ती इथली रेसिडेंट, म्हणजे आमच्यासारखीच ग्रीन कार्डवाली. गुडघे धरलेले, घराबाहेर पडायची नाही. सेन्योर दर रविवारी बायकोला घेऊन आईकडे यायचे. एकही रविवार चुकवलेला मला माहीत नाही.

आम्हाला त्यांची दया यायची. खरं सांगायचं तर दयेपेक्षा बरंच वाटायचं. आपल्याहून वरचढ माणूस, पण त्याला पंचवीस मैलांचा दोर बांधलेला, आणि आपण मात्र पर्मनंट. हा 'पर्मनंट' शब्द हे तेव्हा असा उच्चारायचे, की ऐकणाऱ्याला वाटावं लग्नात हुंडा म्हणून मिळालाय.

त्या वर्षी गणपतीतल्या एका शनिवारी लॉस एंजेलिसच्या एका कारखान्यात नव्या ट्रान्सफॉर्मरची टेस्ट ठरली. ह्यांना आणि सेन्योरांना दोघांनाही जायचं होतं. तिथल्या मराठी मंडळाचा गणपतीही त्याच दिवशी. मी म्हटलं, मला हॉलवर सोडा, तुमचं काम करा आणि संध्याकाळी आरतीला या. पण ऐन वेळी आमच्या गाडीचा रेडिएटर गळायला लागला. सेन्योर म्हणाले, माझी गाडी आहे की. मोठी, गुबगुबीत सीटांची गाडी होती त्यांची. नंबरप्लेट अर्थात मेक्सिकोची.

सकाळी ते दारात आले तसं ह्यांनी पहिलंच विचारलं, "परवाना केलात ना?" सेन्योरांनी खिशावर हात ठेवून मान हलवली. गाडीत सामान ठेवताना ह्यांनी पुन्हा विचारलं, "तारीख बरोबर घातलीय ना त्यांनी? कधीकधी चुकवतात हं." सेन्योरांनी कागद काढून दाखवला. मी मोदकांचा डबा मांडीवर घेऊन मागे बसले. गाडी रस्त्याला लागली आणि पाण्याची बाटली घेतलीत का विचारावं तशा सुरात मीही विचारलं, "सेन्योर, ते कार्ड घेतलंत ना बरोबर?"

त्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि हसून म्हणाले, "हो सेन्योरा. ते मी आंघोळीला जातानाच काय ते बाजूला ठेवतो."

ह्यांनी मग सगळा रस्ताभर त्यांना कायदा समजावून सांगितला. इमिग्रेशनच्या बाबतीत चान्स घ्यायचा नाही, एक चूक झाली की संपलं, हे लोक कुणाचं ऐकत नाहीत. कायद्याचा कागद पाठ केलेल्या माणसासारखं बोलत होते. सेन्योर रस्त्यावर डोळे ठेवून "हो, हो" म्हणत होते. आयुष्यभर त्या सीमेवर राहिलेला माणूस!

लॉस एंजेलिसला जाणाऱ्या फ्रीवेवर, समुद्राच्या कडेने जाताना, एक तपासणी चौकी लागायची. सीमा केव्हाच मागे पडलेली, पण पळून आत जाणाऱ्यांना तिथे अडवायचे. आम्ही यापूर्वी बऱ्याचदा तिथून गेलो होतो. आमच्या कॅलिफोर्निया प्लेटच्या गाडीला अधिकारी हातानेच 'चला' म्हणायचा. एकदाही काच खाली करावी लागली नव्हती.

त्या दिवशी हात वर झाला तो थांबवण्यासाठी. अधिकाऱ्याने प्लेट पाहिली, सेन्योरांचं कार्ड आणि परवाना पाहिला. दोन्ही ठीक. मग तो खाली वाकून आमच्याकडे बघत स्पॅनिशमध्ये काहीतरी बोलला. प्रवासात साडी चुरगळते म्हणून मी पँट आणि ब्लाउज घातला होता. पैठणी पिशवीत होती. हे उन्हाने काळवंडलेले, त्यात मिशी.

ह्यांनी हसून इंग्रजीत सांगितलं, "आम्ही पर्मनंट रेसिडेंट आहोत."

"छान. कार्ड?"

"बँकेत आहेत. लॉकरमध्ये."

अधिकाऱ्याने आपल्या जोडीदाराकडे पाहिलं. ह्यांना वाटलं त्याला नीट कळलं नाही, म्हणून ह्यांनी जास्त मोठ्याने सांगितलं, "सेफ आहेत! दागिन्यांबरोबर!"

आम्हाला बाजूला घेतलं. गाडीतलं सगळं सामान बाहेर काढलं. एका पोरगेल्या अधिकाऱ्याने माझा मोदकांचा डबा उघडला, एक मोदक बोटाने दाबला आणि बोट पँटला पुसलं. मला त्याही स्थितीत त्याचा राग आला. पण राग वगैरे थोडाच वेळ टिकला. ते सेन्योरांना काय विचारत होते ते ऐकू आलं.

"यांना कुठे सोडायचं ठरलंय? तुम्हाला किती देणार आहेत हे?"

त्यांना वाटत होतं की सेन्योर आम्हाला चोरून आत नेताहेत. ह्यांनी ड्रायव्हिंग लायसन्स दाखवलं, कंपनीचं ओळखपत्र दाखवलं. त्यांनी ती शांतपणे टेबलावर ठेवली. कार्डांची खात्री करायला फोन लावला तर शनिवारचं ते ऑफिस बंद. बँकही बंद. आणि लॉकर काय कुणी तारेने पाठवतो?

मग ह्यांचा तोल सुटला. टेबलावर हात आपटून म्हणाले, "आय ॲम ॲन इंजिनियर! आय ॲम नॉट अ मेक्सिकन!"

एकदा नाही म्हणाले. पुन्हा पुन्हा म्हणाले. प्रत्येक वेळी 'नॉट'वर जास्त जोर. आणि मी काय केलं? मी ब्लाउजमधून मंगळसूत्र बाहेर काढलं आणि दोन बोटांत धरून त्या अधिकाऱ्याला दाखवलं. कपाळावरच्या टिकलीकडे बोट केलं. आम्ही ते नाही, हे पटवायला मी माझं सौभाग्य पुराव्याला काढलं. सेन्योर आमच्यापासून हातभर अंतरावर उभे होते. माझी त्यांच्याशी नजरानजर झाली आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. मंगळसूत्र तसंच बाहेर लोंबत राहिलं.

वरचा अधिकारी आला. तो वयस्क होता, आवाज चढवत नव्हता. त्याने सेन्योरांचं कार्ड हातात घेऊन विचारलं, "तुमचे कागद व्यवस्थित आहेत. पण यांची कार्डं तुम्ही स्वतः पाहिली आहेत?"

हे सेन्योरांकडे डोळे वटारून बघायला लागले. सांगा, पाहिली आहेत म्हणून. मीही तशीच बघत होते. एवढं एक खोटं बोलले असते तर कदाचित तेवढ्यावर भागलंही असतं.

"नाही," सेन्योर म्हणाले.

"मग गाडीत कसं घेतलंत?"

"मी विचारलं नाही. माझ्या ओळखीच्या माणसांना मी कागद विचारत नाही."

ते आम्हाला टोचून बोलत नव्हते. आमच्याकडे बघतही नव्हते. साध्या प्रश्नाला साधं उत्तर दिलं त्यांनी. पण सकाळपासून आम्ही त्यांना किती वेळा विचारलं होतं ते मला त्या खोलीत एकेक करून आठवत होतं. धरणी पोटात घेईल तर बरं असं आपण नुसतं म्हणतो. मी त्या चौकीत फरशीकडे बघत खरंच त्याची वाट पाहिली.

शेवटी ह्यांच्या अमेरिकन बॉसला घरी फोन गेला. त्याने हमी दिली. आम्हाला एक चिठ्ठी मिळाली, की सोमवारी इमिग्रेशनच्या ऑफिसात येऊन कार्डं दाखवा. एवढंच. सेन्योरांचं कार्ड मात्र त्यांनी ठेवून घेतलं. बिनकागदांच्या माणसांना गाडीतून नेताना सापडले म्हणून चौकशी होईल, तोवर इकडे यायचं नाही, आता इथूनच मागे फिरायचं.

मागे फिरताना तीच गाडी, तीच माणसं. टेस्ट राहिली, गणपती राहिला. बऱ्याच वेळाने सेन्योरच म्हणाले, "माफ करा. माझ्या गाडीच्या प्लेटमुळे तुम्हाला हा त्रास झाला."

दिवसभर ज्यांची जीभ टाळूला लागली नव्हती, ते हे आता खिडकीबाहेर बघत बसले. सेन्योरांनी आम्हाला घरापाशी सोडलं, माझी पैठणीची पिशवी स्वतः दारापर्यंत आणून दिली आणि सीमेकडे निघून गेले. मोदकांचा डबा त्यांच्या गाडीत तसाच राहिला.

सोमवारी बँक उघडायच्या आधी हे दारात जाऊन उभे. ऑफिसातलं आमचं काम चहा निवेल एवढ्या वेळात झालं. खिडकीतल्या पोरीने कार्डं उलटसुलट करून पाहिली, "नेहमी जवळ ठेवत जा" म्हणाली आणि ह्यांच्या फोटोशेजारच्या डागावर नख टेकवून विचारलं, "हे काय लागलंय?"

"केचप," हे म्हणाले.

मी शेजारीच उभी होते. मी ह्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांना खरं सांगायची लाज वाटली आणि मला त्यांची लाज वाटली, आणि खरं तर मला विचारलं असतं तर मीही केचपच म्हटलं असतं.

सेन्योरांच्या कार्डाचं विचारलं तर ते तिथे नव्हतं. वरच्या ऑफिसात गेलंय. वरच्या ऑफिसात चौकीचा रिपोर्ट आला नव्हता. ह्यांनी लिहून दिलं, बॉसने लिहून दिलं. चूक आमची होती, ती तिथल्या तिथे माफ झाली. ज्यांचे कागद चोख होते त्यांची चौकशी चालू. गणपती विसर्जन झालं, दसरा झाला. त्या दसऱ्याला पूजेला कार्डं नव्हती, ती आता आमच्या खिशांत होती. दिवाळी झाली. कंपनीने मीटिंगांना दुसरा माणूस पाठवायला सुरुवात केली. त्याला ट्रान्सफॉर्मरमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण त्याच्याकडे मिका होती.

नोकरीचं एक झालं. रविवारचं काय? सेन्योरांच्या बहिणीला रविवारी हॉटेलात ड्यूटी असायची, आणि तिला गाडीही चालवता येत नव्हती. पहिला रविवार तसाच गेला. दुसऱ्या रविवारी हे सकाळीच उठून गाडीची मागची सीट पुसायला लागले. मी विचारलं, "कुठे?"

"त्यांच्या आईला घेऊन जाऊ तिकडे," ते म्हणाले. "ती रेसिडेंट आहे. तिला कोण अडवणार?"

लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण ह्यांचा इतका अभिमान मला त्याआधी फारसा वाटला नव्हता. मी उशा आणल्या, गुडघ्यांखाली द्यायला.

त्या रविवारी तिहुआनाला सेन्योरांच्या दारात हे सरळ मुद्द्यावर आले. आई आत गेल्यावर म्हणाले, "तुम्ही त्यांना सगळं सांगा. आमच्यामुळे झालं ते. मला त्यांची माफी मागायची आहे."

सेन्योरांनी डोकं हलवलं. "मी आईला सांगितलंय की कार्ड माझ्या निष्काळजीपणाने हरवलं."

"का?"

"खरं कळलं तर ती तुमच्या गाडीत बसणार नाही. मग मला ती दिसायची कशी?"

झालं! माफी मागायचीही सोय राहिली नाही.

तेव्हापासून आमचे रविवार तसे जायचे. आजी मागे उशांवर, मांडीवर काठी. आम्ही तिला आजीच म्हणायचो आणि ती हाकेला ओ द्यायची. तिचं ग्रीन कार्ड गळ्यातल्या एका कापडी पिशवीत असायचं, तिच्या कुठल्याशा संताच्या चित्राबरोबर. नाक्यावर ती ते चित्रासकट बाहेर काढायची. परत येताना रांग लांबच लांब असायची, आणि हे रांगेत शिरल्या शिरल्या आपलं कार्ड काढून स्टिअरिंगवर धरून बसायचे. मी म्हणायची, अहो, अजून तास आहे. तरी धरून बसायचे.

आजी तोंडाची तिखट होती. सेन्योर तिचं बोलणं आम्हाला इंग्रजीत सांगायचे, पण चाळून. ती पाच मिनिटं तावातावाने बोलायची आणि ते म्हणायचे, "आई म्हणते, भात छान झालाय." आम्ही सगळे हसायचो. आमच्या जेवणाला ती काय म्हणाली, माझ्या पँटला काय म्हणाली, हे आम्हाला कधीच कळलं नाही आणि त्यात त्यांचा चांगुलपणा होता.

संक्रांतीच्या सुमाराच्या रविवारी मी तिळगूळ घेऊन गेले होते. कार्डाचा अजून पत्ता नव्हता. जेवणं झाली होती, आणि आजीने पुन्हा लेकाला हरवलेल्या कार्डावरून झाडायला सुरुवात केली. तेवढं आम्हाला आता भाषेशिवाय कळायचं. मग मध्येच थांबून तिने ह्यांच्यापुढे हात पसरला आणि त्यांच्या खिशाकडे बोट केलं. ह्यांनी कार्ड काढून दिलं.

आजीने ते डोळ्यांजवळ नेलं. डाग दिसला तशी अंगठ्याने पुसून पाहिला. माझ्याकडे बघून तिने भुवया वर केल्या. ह्यांनी तोंड उघडलं होतं, पण त्याआधी मीच माझ्या कपाळावरच्या कुंकवाला बोट लावलं, मग कार्डाला लावलं, मग हात जोडून डोळे मिटले. सेन्योरांना सांगितलं, "सांगा त्यांना. आम्ही त्याची पूजा केली होती. मग जपून ठेवलं, दागिन्यांबरोबर, बँकेत."

सेन्योरांनी आईला तसंच सांगितलं.

आजीचा चेहरा फुलला. तिने कार्डाला ओठ लावले, गळ्यातल्या पिशवीला लावले, आणि कार्ड लेकाच्या नाकापुढे नाचवत बोलायला लागली. बराच वेळ बोलली. शेवटी ह्यांच्या गालावर हात ठेवला. हे मान खाली घालून बसले होते. हातातला तिळगूळ त्यांनी तोंडात घातला नव्हता, घट्ट मुठीत धरला होता.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं. वाटलं, नेहमीसारखं म्हणतील, आईला तिळगूळ आवडला.

"आई म्हणते, बघ जरा या माणसांकडे," सेन्योर म्हणाले. "म्हणते, परक्या देशातून आलेत, पण कागदाची किंमत त्यांना कळते. देवासारखं जपलं त्यांनी. तुझ्यासारखं वाटेल तिथे टाकलं नाही. म्हणते, यांच्या पायाशी बस आणि शिकून घे. तूही असं जपलं असतंस तर तुझी आई अशी रस्त्यारस्त्याने दुसऱ्याच्या गाडीतून हिंडली असती का?"

एक शब्दही त्यांनी गाळला नाही.